मामांनी दोन दाबलं तेव्हा चुकलं कोण?

चोपडा तालुक्यात माझ्या मामांची केळीची बाग आहे. आठवड्यातले काही दिवस शेतीची लाईट रात्रीचीच असते, म्हणून मामांनी विहिरीवर मोबाईल स्टार्टर बसवून घेतला. त्या पेटीत सिमकार्ड असतं. घरून त्या नंबरवर फोन लावायचा आणि उचलल्याचा आवाज आला की १ दाबायचा, मोटार चालू होते. २ दाबला की बंद. ही पेटी गेल्या पावसाळ्यात जळाली आणि दुसऱ्या कंपनीची आली. तिच्यात मोटार बंद करायला ३ होता. २ वर होती ‘ठरावीक वेळ चालवा’ अशी सोय. मामांनी सवयीने २ दाबला, पेटीने ‘टुंक’ केलं आणि मामा झोपले. सकाळी विहिरीचा तळ दिसत होता.

“मनंच चुकनं भाऊ,” मामा म्हणाले. “माले हाई नवं काही जमत नही.”

मी जळगावात संगणकाचे वर्ग घेतो. हे वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकतोय. अर्ज भरताना मधेच पान गायब झालेला शेतकरी हेच म्हणतो आणि ओटीपी येईपर्यंत वेळ संपून गेलेली अंगणवाडीताईही हेच म्हणते. ‘माझंच चुकलं’ हे खरं आहे की नाही, हे तपासण्यातून एक अख्खं शास्त्र उभं राहिलंय. त्याला मानव-संगणक आंतरक्रिया असं भारदस्त नाव आहे, आणि इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला एचसीआय म्हणतात. सोप्या शब्दांत सांगायचं तर माणूस यंत्राला काय सांगतो, यंत्र माणसाला काय सांगतं आणि या दोघांचं कुठे बिनसतं, याचा अभ्यास. गंमत म्हणजे त्याचं मूळ संगणकात नाही, विमानात आहे.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ ही बॉम्बफेकी विमानं धावपट्टीवर नीट उतरायची आणि उतरून झाल्यावर पोटावर बसायची. वैमानिक कसलेले, विमानात बिघाड काही नाही. ‘वैमानिकाची चूक’ असा शेरा मारून कागद मिटत होते. अल्फोन्स चपॅनिस नावाच्या एका मानसशास्त्रज्ञाने वैमानिकांना बोल लावायचं सोडून विमानातली वैमानिकाची बसायची जागा पाहिली. पंखांच्या मागच्या झडपा, म्हणजे फ्लॅप, मिटवण्याचा खटका आणि चाकं आत घेण्याचा खटका शेजारीशेजारी होते, आणि हाताला दोन्ही सारखेच लागत. उतरल्यावर दमलेला माणूस फ्लॅप मिटवायला हात घालायचा आणि चाकं मिटवून बसायचा. उपाय अगदी साधा निघाला. चाकांच्या खटक्याला चाकासारखा रबरी गोल बसवला आणि फ्लॅपच्या खटक्याला पाचरीसारखा तुकडा. अंधारातही बोटांना कळायला लागलं की हातात काय आहे. आजही प्रवासी विमानात चाकांच्या खटक्याचं टोक चाकासारखंच असतं.

पुढे १९४७ साली पॉल फिट्स आणि त्यांचे सहकारी जोन्स यांनी वैमानिकांच्या ‘चुकां’चे ४६० अनुभव गोळा करून तपासले. माणूस तोच, प्रशिक्षण तेच, पण मांडणी बदलली तर चुका कमी करता येतात, हे त्यातून पुढे आलं. एकाच प्रकारची चूक वेगवेगळ्या माणसांच्या हातून होत असेल तर ती माणसांच्या स्वभावात नसते, वस्तूच्या घडणीत असते. मामांच्या २ आणि ३ चं प्रकरण मला तिथेच नेऊन पोचवतं.

आता संगणकाकडे येऊ. १९४५च्या जुलैत व्हॅनिवर बुश या अमेरिकी अभियंत्याने एका मासिकात लेख लिहिला. त्यात त्याने ‘मेमेक्स’ नावाच्या मेजाची कल्पना मांडली. माणसाची सगळी पुस्तकं, पत्रं, टिपणं सूक्ष्म फिल्मवर त्या मेजात असतील आणि एका कागदावरून त्याच्याशी जोडलेल्या दुसऱ्या कागदावर क्षणात जाता येईल, अशी ती कल्पना. यंत्र असं कधी बनलं नाही, पण आज आपण लिंकवर बोट ठेवून पुढच्या पानावर जातो ती कल्पना तिथली. (त्याच वर्षी २९ डिसेंबरला आमच्या अमळनेरात वनस्पती तूप बनवणारी एक कंपनी सुरू झाली. पुढे ती संगणकांत उतरली आणि तिचं नाव विप्रो झालं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काहीएक संबंध नाही. पण खान्देशी माणसाला संधी मिळाली की तो अमळनेरचं नाव घेणारच.)

पुढे प्रत्यक्षात आलेले संगणक मात्र तहसिलीच्या खिडकीसारखे वागायचे. भोकं पाडलेली कार्डं असायची, एकेका कार्डावर ८० रकाने. तो गठ्ठा खिडकीतून आत द्यायचा, उत्तर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी. एखादा स्वल्पविराम चुकला असेल तर कार्ड बदलून पुन्हा रांगेत. संगणकाचा वेळ महाग होता, माणसाचा स्वस्त. म्हणून वाट पाहायची ती माणसाने. १९६० साली जे. सी. आर. लिकलायडर यांनी माणूस आणि संगणक यांच्या सहजीवनाची कल्पना मांडली. दोघांनी समोरासमोर बसून मिळून विचार करावा, असं त्यांचं म्हणणं. १९६३ साली अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात आयव्हन सदरलँड यांनी ‘स्केचपॅड’ करून दाखवलं. पडद्यावर प्रकाशलेखणी टेकवायची, रेघ ओढायची आणि ती रेघ तिथल्या तिथे उमटायची. तोवर संगणकाला लिहून कळवायचं असतं, दाखवून नाही, अशीच बहुतेकांची समजूत होती.

मग आले डग्लस एंगेलबार्ट. त्यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी १९६४ साली पहिला माऊस बनवला. एक लाकडी ठोकळा, खाली काटकोनात बसवलेली दोन चाकं, वर एक बटण. ९ डिसेंबर १९६८ला सॅन फ्रान्सिस्कोत एंगेलबार्टनी सुमारे दीड तासाचं प्रात्यक्षिक दिलं. माऊस, लिंक, दूरच्या माणसाचा पडद्यावर दिसणारा चेहरा आणि दोघांनी मिळून एकाच मजकुरावर केलेलं काम, हे सगळं त्यात होतं. आज आपण याच गोष्टी रोज वापरतो आणि त्यांचा कंटाळाही करतो.

एंगेलबार्टचा एक आग्रह मात्र मागे पडला. ते म्हणत, साधन सोपं असलंच पाहिजे असं नाही, ते ताकदवान पाहिजे. तीनचाकी लगेच येते, पण तिच्यावर लांब जाता येत नाही. सायकल शिकायला गुडघे फुटतात, मग माणूस कुठच्या कुठे जातो. मला हे अर्धं पटतं. रोज आठ तास डीटीपी करणाऱ्याला सायकलच द्यावी. पण वर्षातून एकदा पीकविम्याचा अर्ज भरणाऱ्याला सायकल शिकवत बसू नये, त्याला तीनचाकी द्यावी आणि ती चालताना मोडू नये एवढं पाहावं. आपल्याकडे बहुतेक वेळा उलट होतं.

झेरॉक्स कंपनीने १९७० साली कॅलिफोर्नियात ‘पार्क’ ही प्रयोगशाळा काढली. तिथे १९७३ साली ‘आल्टो’ नावाचा संगणक बनला. त्याला माऊस होता आणि पडद्यावर चित्रं आणि खिडक्या दिसत. १९८१ साली ‘स्टार’ बाजारात आला. पडदा म्हणजे कचेरीतलं मेज, त्यावर कागद आणि फायली, ही मांडणी त्यात होती. महाग असल्यामुळे तो चालला नाही. १९८४च्या जानेवारीत अॅपलचा मॅकिंटॉश आला आणि ही मांडणी घराघरांत पोचायला लागली.

इथे थोडं थांबतो, कारण हे मेज कोणाचं, हा प्रश्न कोणी फारसा विचारत नाही. अमेरिकी कचेरीत काम करणाऱ्याला फोल्डर आणि टेबलाखालची कचऱ्याची टोपली ओळखीची होती, म्हणून त्याला ती चित्रं बघताक्षणी कळली. सुवर्णनगरी म्हणवणाऱ्या आमच्या जळगावच्या सराफ बाजारात मेज नव्हतंच. गादी होती, लोड होता, लाल कापडाची चोपडी होती. संगणक तिथे घडला असता तर पडद्यावर खतावणी असती आणि जुनं पान उलटून मागे जाता आलं असतं. माझ्या वर्गातली मुलं ‘सेव्ह’च्या चिन्हाला ‘चौकोनी डबी’ म्हणतात. फ्लॉपी त्यांनी पाहिलेलीच नाही. ओळखीची गोष्ट दाखवून अनोळखी समजावणं ही युक्ती उत्तम, पण ओळख कोणाची धरली, यावर ती चालते की नाही ते ठरतं.

पार्कमध्येच लॅरी टेस्लर होते. कट, कॉपी, पेस्ट आपल्या हातात आलं त्यात त्यांचा मोठा वाटा. आयुष्यभर त्यांचं एका गोष्टीशी वैर होतं, ती म्हणजे मोड. एकच बटण यंत्राच्या एका अवस्थेत एक काम करतं आणि दुसऱ्या अवस्थेत दुसरंच, याला मोड म्हणतात. कॅप्सलॉक चुकून चालू राहिला आणि पासवर्ड तीनदा नाकारला गेला, तर ती मोडची चूक. टेस्लरना याची इतकी चीड की त्यांच्या गाडीच्या नंबरप्लेटवर ‘नो मोड्स’ लिहिलेलं होतं.

मराठीत टंकलेखन केलेल्या माणसाला मोड वेगळा समजावून सांगायला नको. युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, आधीचे फॉन्ट आठवा. तेच बटण एका फॉन्टमध्ये एक अक्षर द्यायचं, दुसऱ्यात भलतंच. लग्नपत्रिकेचा मजकूर पेनड्राइव्हवर घालून दुसऱ्या प्रेसला न्यावा आणि तिथे ‘चि. सौ. कां.’च्या जागी कंस, डॉलर आणि टिंबं दिसावीत, हा प्रसंग खान्देशातल्या कुठल्याही प्रेसवाल्याला विचारा. लिहिणाऱ्याचं काहीच चुकलेलं नसायचं. अक्षर कागदावर दिसत होतं, पण यंत्राच्या पोटात ते अक्षर म्हणून नव्हतंच, फक्त आकार होता.

याच्या उलट एक शहाणं काम आपल्याकडेच झालं आणि त्याचं कौतुक कमी झालं. ते म्हणजे इन्स्क्रिप्ट कीबोर्ड. १९८०च्या दशकात तो भारतीय भाषांसाठी ठरवला गेला आणि १९९१च्या भारतीय मानकातही आला. टाइपरायटरच्या मांडणीत अक्षरांचे तुकडे होते, अर्धा भाग इथे, काना तिथे. इन्स्क्रिप्टने आपल्या वर्णमालेची रचनाच धरली. स्वर आणि त्यांच्या मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या. क आणि ख एकाच बटणावर, ग आणि घ एकावर. शिफ्ट दाबला की महाप्राण. बाराखडी पाठ असलेल्या माणसाला निम्मा कीबोर्ड आधीच येत असतो. शिवाय मराठीत शिकलेला हात बंगालीतही त्याच जागी क दाबतो. तरीही फोनवर बहुतेक जण रोमन अक्षरांतून मराठी लिहितात किंवा बोलून लिहितात. इन्स्क्रिप्टला शिकायचे आठ-दहा दिवस लागतात, आणि ते दिवस द्यायला कोणी तयार नसतं. एंगेलबार्टची सायकल ती हीच.

बोलून लिहिण्याचं म्हणाल तर मामांना ते फार आवडलं होतं. पण मामा बोलतात अहिराणी. त्यांनी “पैसा उनात का?”, म्हणजे पैसे आले का, असं विचारलं तर फोन त्यांच्या वतीने भलतंच हिंदी वाक्य लिहून पाठवतो. आता ते बोलताना पुस्तकी मराठी वापरतात, शाळेत गुरुजींसमोर उभं राहिल्यासारखं. यंत्राशी बोलायला माणसाने आपली बोली बाजूला ठेवायची, म्हणजे कार्डांच्या रांगेतून आपण किती पुढे आलो, हा प्रश्न उरतोच.

१९८०च्या दशकात या सगळ्याला विद्याशाखेचं रूप आलं. १९८३ साली कार्ड, मोरान आणि न्यूएल या तीन संशोधकांनी मानसशास्त्राची मोजमापं संगणकाला लावणारं पुस्तक लिहिलं. त्याच सुमारास बेन श्नायडरमन यांनी पडद्यावरच्या वस्तूला थेट हात घालून काम करण्याच्या पद्धतीला नाव दिलं. १९८८ साली डोनाल्ड नॉर्मन यांचं रोजच्या वस्तूंवरचं पुस्तक आलं, आणि १९९४ साली जेकब नील्सन यांनी वस्तू वापरायला सोपी आहे का हे पाहणाऱ्या दहा कसोट्यांची यादी पक्की केली. ती यादी मी इथे उतरवणार नाही. त्यातल्या दोन-तीन गोष्टी आपल्या गल्लीत उतरवून दाखवतो.

पहिली गोष्ट म्हणजे वस्तूने स्वतःच सांगावं की मला कसं वापरायचं. हापशाला दांडा असतो. तो पाहून कोणी विचारत नाही की याचं काय करायचं. हात आपसूक खाली दाबतो, लहान पोर असेल तर दांड्यावर लोंबकळतं, आणि पाणी येतं. आता मंगल कार्यालयातला विजेचा बोर्ड आठवा. बारा बटणं एका ओळीत, पंखे मात्र सभागृहभर पसरलेले. नवरदेवाच्या डोक्यावरचा पंखा लावायला कोणीतरी एकेक बटण दाबत जातो, मधेच स्वयंपाकघरात अंधार होतो आणि आचारी ओरडतो. बोर्डावरच्या बटणांची मांडणी आणि छतावरच्या पंख्यांची मांडणी यांचा मेळच नसतो. तो मेळ घालणं हे डिझायनरचं काम. तसा मेळ नसेल, तर कार्यालयाचा जुना वॉचमन हाच त्या बोर्डाचा खरा मॅन्युअल.

दुसरी गोष्ट, काय झालं ते यंत्राने सांगावं, आणि लगेच सांगावं. दहाव्या हिश्शाच्या सेकंदात उत्तर आलं तर आपल्याला वाटतं की हे आपणच केलं. सेकंदभर लागला तर थांबल्याचं जाणवतं, पण विचाराचा धागा सुटत नाही. दहा सेकंदांवर गेलं की माणूस दुसरीकडे बघायला लागतो, नाहीतर तेच बटण पुन्हा दाबतो. पैसे दोनदा गेल्याच्या बऱ्याचशा तक्रारींचा उगम इथे असतो. आठवडे बाजारात भरिताची वांगी विकणाऱ्या मावशींना फोनवरचा मेसेज वाचायला सवड नसते, हात मातीचे असतात आणि गिऱ्हाईक चौथं असतं. पैसे जमा झाले की त्यांच्या टोपलीशेजारचा डबा मोठ्याने रक्कम बोलतो. कान मोकळा आहे हे ओळखून कोणीतरी उत्तर कानाला दिलं. गेल्या दहा वर्षांत मी पाहिलेल्या डिझाइनमधलं हे मला सगळ्यात शहाणं वाटतं. त्याला स्वतःचा पडदा लागत नाही, हे विशेष.

तिसरी गोष्ट चुकीबद्दल. चूक होणारच असं धरून चालावं, आणि केलेलं मागे घेता यावं. पण याला एक अपवाद आहे, तो मतदान यंत्राचा. नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्याच्या कुशीत अक्कलकुवा आहे, महाराष्ट्र विधानसभेचा क्रमांक १चा मतदारसंघ. तिथल्या पाड्यावर ज्या आजीने आयुष्यात कीबोर्ड पाहिला नाही तीही हे यंत्र वापरते. नाव, चिन्ह आणि त्याच्या समोर निळं बटण, सगळं एका ओळीत. दाबलं की लाल दिवा लागतो आणि लांब ‘बीप’ वाजतो. शेजारच्या यंत्रात चिठ्ठी ७ सेकंद दिसते. पुन्हा बटण दाबलं तरी दुसरं मत पडत नाही. ओळख, मेळ, उत्तर या तिन्ही गोष्टी त्यात आहेत. ‘मागे घ्या’ हे बटण मात्र मुद्दाम नाही. ते असतं तर मतदान केंद्रात कोणी दमदाटी करून मत बदलायला लावलं असतं. तत्त्व पाठ करणं वेगळं आणि ते कुठे मोडायचं हे कळणं वेगळं.

नंदुरबारचंच आणखी एक गाव या इतिहासात आहे. शहादा तालुक्यातल्या टेंभलीत २९ सप्टेंबर २०१०ला देशातलं पहिलं आधार दिलं गेलं. माणसाचं अंग हीच त्याची ओळख, ना पासवर्ड लक्षात ठेवायचा, ना सही करायची. कल्पना सरळ. पण कापूस वेचून, विटा उचलून, ऊस तोडून ज्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या त्यांच्यासमोर काच ‘पुन्हा प्रयत्न करा’ म्हणते. अशा बोटांचा विचार झालाच नव्हता असं नाही. दहाही बोटांचे ठसे आणि दोन्ही डोळ्यांची बुबुळं घेतली गेली. पण समोर फक्त बोट वाचणारं यंत्र ठेवलं असेल तर बुबुळाचा काय उपयोग? सगळ्यात जास्त कष्ट करणाऱ्या हातालाच यंत्र ओळखत नाही, आणि तो हात मागे घेत माणूस म्हणतो, माझंच बोट खराब आहे.

मामांकडे मी दिवाळीला गेलो तेव्हा त्यांच्या फोनमध्ये एक युक्ती करून दिली. नंबर साठवताना त्याच्यापुढे स्वल्पविराम देऊन आकडा लिहिला, की फोन लागल्यावर थोडं थांबून तो आकडा आपोआप दाबला जातो. म्हणून दोन नावं साठवली, ‘मोटार चालू’ आणि ‘मोटार बंद’. एकाच्या पुढे १, दुसऱ्याच्या पुढे ३. पहिल्याला हिरव्या बटणाचा फोटो लावला, दुसऱ्याला लाल. आकडा लक्षात ठेवायचं कामच राहिलं नाही. मी जरा खूश झालो.

मामांनी लावून पाहिलं. पेटीने ‘टुंक’ केलं.

“चालू करनं तरी टुंक, बंद करनं तरी टुंक,” मामा म्हणाले. “मंग माले कसं समजी?”

पुढच्या वेळी गेलो तेव्हा पंपघराच्या कौलावर बांबू उभा होता आणि त्याच्या टोकाला बल्ब. मामांनी वायरमनला बोलावून तो असा जोडून घेतला होता, की मोटार फिरत असेल तोवरच पेटेल. रात्री जेवून आम्ही ओट्यावर बसलो. नाल्यापलीकडे केळीच्या पानांवर तो पिवळा ठिपका दिसत होता. साडेअकराला मामांनी लाल फोटोवर बोट ठेवलं, फोन कानाला न लावता तसाच हातात धरला आणि ठिपका विझेपर्यंत तिकडे बघत राहिले.